आरामखुर्चीत पास झालेलं यंत्र

नौपाडा, ठाणे
१३ नोव्हेंबर १९५६

प्रिय गोपीनाथ,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, लगेच फुशारून जाऊ नकोस. डोंबिवलीला बिऱ्हाड केल्यापासून चार ओळी लिहायला तुला सवड झाली नव्हती. आता झाली ती कशासाठी, तर पाणबुड्याने दातात धरायचा तो रबरी तुकडा अजून मऊ करून हवा म्हणून. माझी विचारपूस अर्ध्या ओळीत आणि पाणबुड्याच्या जबड्याची दोन पानं! वर असंही लिहितोस की एकाच साच्यातून डझनभर तुकडे काढून ठेव, माणसांचे जबडे काय, सारखेच असतात. हे वाक्य मी अण्णांना वाचून दाखवलं. गेली तीस वर्षं नौपाड्यात लोकांचे दात उपटणारा माणूस तो, पेशंट खुर्चीत असताना इतका हसला की त्या बिचाऱ्या बाईंना वाटलं, आपल्याच दातांना हसतायत. अरे शहाण्या, जबडे सारखे असते तर एकाची कवळी दुसऱ्याने घालून लग्नात जिलब्या खाल्ल्या नसत्या का? अण्णा दात काढतात आणि कवळ्या त्यांची लेक करते, म्हणजे मी. मेणाचं माप, प्लास्टरचा साचा, रबर शिजवणं हे सगळं माझ्या हातून जातं. पण तू इंजिनियर, तुला कोण सांगणार!

तुझा तो आराम मी डोळ्यांनी पाहिलाय. दिवाळी झाल्यावर अण्णांना आणि मला मोठ्या हौसेने कारखाना दाखवायला नेलं होतंस. डोक्यावर पंखा गरगरतोय, हाताशी चहाचा कप, आणि आरामखुर्चीत आमचे गोपीनाथराव फ्रान्सहून मागवलेलं श्वासयंत्र चढवून बसलेले. पाठीवर हवेची टाकी, टाकीच्या तोंडाशी श्वासागणिक हवा सोडणारी ती पितळी डबी, आणि डबीतून निघून दोन खांद्यांवरून ओठांपाशी येणाऱ्या दोन जाड रबरी नळ्या. एकीने श्वास आत, दुसरीने बाहेर. मूळचं यंत्र फार गैरसोयीचं म्हणून तू ते सुधारत होतास. डबी खुर्चीच्या पाठीला टोचते म्हणून ती वर सरकवून पार मानेशी नेलीस. नळ्या गालाला घासतात म्हणून त्यांना फ्लॅनेलची अंगडी शिवलीस. दातांनी धरून जबडा दुखतो म्हणून तोंडातल्या तुकड्याला चामड्याचा पट्टा लावलास आणि डोक्यामागे बक्कल आवळून टाकलंस. मग घड्याळ लावून बसलास आणि उठल्यावर सगळ्यांना सांगितलंस, काहीही त्रास नाही. कसा असेल? तिथे पाणी कुठे होतं? मोठे साहेबही माना डोलवत होते. अण्णांनी तिथे सभ्यपणे चहा घेतला, पण बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं की हे यंत्र बुडणाऱ्यांसाठी आहे की पेन्शनरांसाठी.

बाबा रे, पाण्यात माणूस खुर्चीत बसलेला नसतो. तो कधी पोटावर आडवा असतो, कधी उभा, कधी डोकं खाली. तुझी डबी छातीपासून जितकी वर जाईल तितका छातीला हवा ओढायला जोर लागतो. आधी ती खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे बसवलेली होती, ती काही त्या फ्रेंच लोकांना मानेपाशी जागा सापडली नाही म्हणून नव्हे. आणि नळ्यांत हवा भरलेली, त्या पाण्यात वर जाऊ बघणार आणि तोंडातला तुकडा ओढणार. त्यांना जरासं शिसं बांधून खाली धरायचं सोडून तू त्यांना थंडीचे कपडे घातलेस. यात मी काही मोठं ज्ञान पाजळत नाही. ज्याने एकदा पाण्यात तोंड घातलंय त्याला हे कळतं. प्रश्न तिथेच आहे ना? मासुंदा तलावाच्या पाळीवर सगळी पोरं धडाधड उड्या मारायची आणि तू काठावर बसून त्यांना हात कसे मारायचे ते सांगायचास. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. कुणीही पाण्यात असो, अक्कल काठावर आहे असं वाटायचं. दात ठणठणीत असताना तू आमच्या दवाखान्यात येऊन बसायचास, आणि मी कवळी घासता घासता तुझी बडबड ऐकायचे. त्या दिवसांत तू चंद्रावर विहीर खणतो म्हणाला असतास तरी मी घागर घेऊन निघाले असते. असो. वय असतं एकेक.

आता जे माझ्या भावाने, तुझ्या हाताखालच्या त्र्यंबकने, तुला सांगितलेलं नाही ते ऐक. परवा रविवारी तो तुझं सुधारलेलं यंत्र घेऊन बाळकुमला आवडाबाईंच्या विहिरीवर गेला. येत्या सोमवारी खाडीत साहेबांच्या पाहुण्यांसमोर उतरायचंय, त्याआधी एकदा सवय करावी म्हणून. अण्णांनी आवडाबाईंना कवळी करून दिली तेव्हापासून त्या आम्हाला घरच्यासारख्याच. त्यांनी कौतुकाने विहीर उघडी करून दिली आणि ह्या पोराला वरची हवा कमी पडते काय असं मला विचारलं. त्र्यंबकच्या कमरेला दोर बांधला होता. दोराचं टोक त्यांच्या मुलाकडे, गोविंदाकडे, आणि माझ्याकडे. पहिल्यांदा बुडबुडे नीट येत होते. मग तुझी ती फ्लॅनेलची अंगडी भिजून फुगली, नळ्या एका अंगाला वळल्या आणि तुकडा ओठांतून सरकला. दातांनी धरलेला असता तर त्याने तो चावून जागेवर आणला असता, नाहीतर काढून फेकला असता. पण तू दातांना आराम दिला होतास ना! श्वासाबरोबर पाणी आत गेलं. हवा मिळेना आणि तुकडा सुटेना. त्याने दोन्ही हात डोक्यामागे नेले, पण चामडं भिजून बक्कल घट्ट बसलेलं. वरून मला एवढंच दिसत होतं की बुडबुडे वेडेवाकडे येतायत आणि माझ्या भावाचे हात डोक्याशी झटापट करतायत. आम्ही जीव खाऊन ओढलं. वर आला तेव्हा चेहरा काळानिळा, नाकातून पाणी, आणि तोंडाला तुझा आराम बांधलेला तसाच. आवडाबाईंनी कमरेचा विळा काढून तो पट्टा कापला, त्याच्याबरोबर चार केसही गेले. त्यानंतर त्यांनी तुझा जो उद्धार केला तो लिहीत नाही, कागद पोस्टातून जायचा आहे.

आणि आमचा त्र्यंबक! खोकून खोकून अंगात जीव आल्यावर पहिलं काय म्हणाला असेल? गोपीनाथला सांगू नकोस, चूक माझीच आहे, मला अजून नीट श्वास घेता येत नाही. तिथे त्या विहिरीच्या काठावर मला रडू फुटलं आणि तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर आवडाबाईंना विळा मागितला असता. त्याला तू देव वाटतोस रे. खाडीतला प्रयोग पार पडला की नोकरी कायम करतो, असं तू त्याला सांगितलंयस. बी.एस्सी.ला दोनदा आपटलेल्या पोराला कुणीतरी पहिल्यांदाच कामाचा म्हटलंय. काल तो पेठेतून नवा पट्टा आणून स्वतः शिवत बसला होता, आधीच्यापेक्षा रुंद. विहिरीत निदान दोर होता आणि पाणी स्थिर होतं. खाडीत भरती-ओहोटीची ओढ, हाताएवढ्या अंतरावरचं दिसत नाही असा गाळ, आणि पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून दोर बांधायचा नाही, असं तुम्ही ठरवलंय. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. अण्णांना सांगितलं. त्यांनी त्र्यंबकला अडवून पाहिलं, तर तो जेवणावरून उठून गेला. दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणून तोंडातला तुकडा मी काढून घेतलाय. त्र्यंबकच्या दातांच्या मापाने मीच केलेला होता तो, आणि त्याच्यावाचून तुझं यंत्र म्हणजे नुसती पाठीवर वाहायची टाकी. तो माझ्या कपाटात कुलपात आहे. पोरगा माझ्याशीही धड बोलत नाहीये. मला त्याचं काही नाही. अबोला धरणारा भाऊ घरात जेवायला तरी येतो.

आता मी हे पत्र का लिहिलं ते. गेल्या गुरुवारी तुझे मामा आमच्याकडे आले होते. पाटावर बसून, पोह्यांची बशी रिकामी करून, त्यांनी तुझ्यासाठी मला मागणी घातली. तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. जबड्यांपुढे तुला आठवण राहिली नसेल. अण्णा म्हणाले, उत्तर प्रमोदिनीनेच द्यायचं. गुरुवारीच दिलं असतं, आणि काय दिलं असतं हे तुला चांगलं ठाऊक आहे. मी खोटं बोलणार नाही, मला तू हवा आहेस, इतकी वर्षं हवा होतास. पण परवापासून ते उत्तर माझ्या तोंडून निघत नाही. तेव्हा असं कर. रविवारी तुला सुटी आहे, सकाळी बाळकुमला ये. पूर्वी दवाखान्यात गमतीने घेतलेल्या तुझ्या दातांच्या मापाचा एक तुकडा मी आज शिजवून ठेवलाय. डबी मानेशी, नळ्यांना फ्लॅनेल, डोक्याला पट्टा, सगळी सुधारणा अंगावर चढव आणि विहिरीत उतर. तुला पोहता येत नाही हे मला माहीत आहे, तळाला जा म्हणत नाही. शेवटच्या पायरीवर डोकं बुडेल इतकं बस. पदर खोचून मी तुझ्या शेजारी पाण्यात उभी असेन, जरा गुदमरलास तरी वर काढीन. बाहेर आल्यावरही हे आरामशीर आहे म्हणालास, तर मामांना नकार जाईल. तो पट्टा काढून फेकलास आणि सोमवारचं खाडीचं रद्द करून साहेबांच्या घरी जाऊन तसं कबूल केलंस, तर संध्याकाळी आमच्याकडे जेवायला ये. आणि आलाच नाहीस, तर मला एवढं कळेल की ज्या पाण्यात तू माझ्या भावाला पाठवत होतास त्यात तुला गुडघ्याएवढंही उतरायचं नव्हतं.

रविवारपर्यंत तुझीच,
प्रमोदिनी