डाळीतला खडा आणि छतातले सहा दिवे

माय, काल मी स्वयंपाकघरातले सहाही दिवे बदलले. तुझ्या वेळी आढ्यावरून एक दिवा लोंबायचा. आता वर पांढरं खोटं छत करतात, त्याला वाटीएवढी भोकं पाडतात आणि दिवे आत बसवतात. दिसायला छान दिसतं. पण आत हवा खेळत नाही, दिवा आपल्याच गरमीनं रोज थोडाथोडा मंद होत जातो आणि खाली काम करणाऱ्या बाईला वाटतं, आपली नजर गेली.

मागच्या महिन्यात वरणात खडा निघाला. आठवड्यात दुसऱ्यांदा. लेकानं ताट बाजूला सारलं. "आई, तुला आता दिसत नाही. उद्यापासून स्वयंपाकाला बाई लावू. तू आराम कर." सून खाली बघून म्हणाली, "डाळ तरी मी निवडत जाते, आई." दोघंही प्रेमानं बोलत होते, म्हणून जास्त राग आला. आराम कर म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. तुला आराम करायला लावलं तेव्हा मी तिथंच बसले होते.

वडीगोद्रीचं घर. मी कॉलेजातून परीक्षेच्या सुट्टीत आले आहे, ओसरीवर पुस्तक घेऊन बसले आहे. आत वडील जेवतायत. तोंडातला घास थांबतो. "खडे चारून राह्यलीस का आमाला?" तू हातातली भाकरी तशीच धरून म्हणतेस, "डोळ्यालाच काय झालं की. दिसतच न्हाई मला." मग काकू पुढं होते आणि तुझ्यासमोरचं सूप उचलते. "द्या जाऊबाई इकडं. तुमी बसा आता." तू बसलीस. वडिलांनी बाजारातून ढिगातला एक चष्मा आणला, तो लावून तुला होतं तेही दिसेना. पण तू तो लावलास. त्यानंतर पाहुणे आले की तू सांगायचीस, "माझे डोळे गेले," आणि सूप कायमचं काकूच्या खुंटीवर गेलं.

तुझे डोळे गेले नव्हते. स्वयंपाकघरातला मोठा दिवा मी काढून ओसरीवर लावला होता आणि ओसरीवरचा बारका तुझ्या डोक्यावर. मला परीक्षा होती. पहिल्या वर्गात पास झाले. पेपर संपल्यावर दिवा होता तिथं लावला, पण सूप काही तुझ्या हातात परत दिलं नाही.

म्हणून या वेळी मी मुकाट्यानं बसले नाही. आधी जालन्याला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी नजर चांगली आहे. मग डाळीचं ताट अंगणात नेलं. उन्हात पाच खडे निघाले. तेच पाच पुन्हा डाळीत टाकले आणि ताट छतातल्या दिव्यांखाली धरलं. दोनच सापडले. एवढं कळल्यावर ताटावर फडकं बांधलं आणि तसंच मंठ्याच्या बाजारात, दिव्यांच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदार म्हणाला, "मोठ्या वॅटचा घ्या मॅडम, लख्ख पडंल." मी म्हटलं, "वॅट म्हणजे वीज किती खातो ते. उजेड किती देतो ते खोक्यावर दाखवा. आणि बंद छतात चालेल असं कुठं लिहिलंय?" त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "बंद छताचं आजवर कुणी इचारलं न्हाई."

"म्हणूनच सगळ्यांचे जल्दी जातात."

एकेक दिवा लावायला सांगितला आणि प्रत्येकाखाली ताट धरलं. निळसर पांढऱ्या दिव्यात डाळ आजारी दिसत होती, पार पिवळ्यात खडा आणि डाळ एकच. गिऱ्हाईकं थांबून बघू लागली. एक जण हसून म्हणाला, "बाई डाळ घ्यायला आल्या का दिवा?" दुकानदारच त्याच्यावर खेकसला, "गप रे. त्यांचं बराबर चाललंय." चौथ्या दिव्याखाली पाचही खडे वेगळे दिसले. तोच घेतला: वीज कमी खाणारा, फार न तापणारा, वर्षानुवर्षं टिकेल अशी लेखी हमी असलेला. सहाही तसलेच. हमीच्या कागदावर तारीख आणि शिक्का तिथंच उभं राहून मारून घेतला.

आज डाळ मी निवडली. जेवताना लेक जपून चावत होता. शेवटी म्हणाला, "आज हिनं निवडली वाटतं." सून म्हणाली, "मी हातसुद्धा लावला नाही." मी भात वाढला आणि सांगितलं, बाई लावायची नाही. विषय संपला.

माझ्यापुरता संपला. तुझ्यासाठी एवढं कुणीतरी करायला हवं होतं, आणि घरात वरचा दिवा बघ म्हणून सांगू शकणारी मी एकटीच होते. तुला वाचता येत नव्हतं, आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचे. हे पत्र मात्र वाचून दाखवलं नसतं. घडी करून हमीच्या कागदासोबत दिव्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवते आहे.

दिवा बदलला तो परीक्षेसाठी, असं आजवर मी स्वतःला सांगत आले. पण तो बारका दिवा तुझ्या डोक्यावर लावण्याआधी तो आधीच्या काजळलेल्या दिव्यासारखाच दिसावा म्हणून मी त्याला चुलीची काजळी फासली होती. तुझी नजर चांगली होती, माय. तुला फरक दिसला असता.