माया आरती म्हणणार नाही

मंगळ. ३ जुलै १९७३
संध्याकाळभर दिवे नाहीत. कंदिलात रॉकेल तळाला गेलेलं. माया गोडबोले वहिनींकडून गाणं शिकून आली ती नाचतच. मंडळाच्या गणपतीत यंदा आरती तिने सुरू करायची, एकटीने, पेटीसोबत. बाकीचे मागून म्हणणार. सगळ्या मुलींतून वहिनींनी तिला निवडलं.
"बरं," म्हटलं आणि भात बघायला उठले. भात झालेलाच होता.

गुरु. ५ जुलै
ह्यांच्याशी बोलले. आपण बौद्ध. गौरी-गणपतीची पूजा करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे, आणि आपली मुलगी आरती सुरू करणार?
हे म्हणाले, "नऊ वर्षांची आहे ती. गाणं आहे ते. गाऊ दे."
"आणि आपण कोण, ते?"
"विचारलंय का कुणी?"
खरंच कुणी विचारलेलं नाही. वानखेडे म्हटल्यावर वऱ्हाडातले कुणबी असतील, असं मंडळातल्या बायकांनी आपलं आपणच ठरवलं. आम्ही दुरुस्त केलं नाही. चार वर्षं झाली ह्या बंगाली मुलखात, खिदिरपूरला येऊन. घराबाहेर मराठी बोलायला तेवढीच चार घरं.
ह्यांना जास्त बोलणं नको होतं. गोडबोले साहेब ह्यांचे वरिष्ठ. मंडळाचे अध्यक्षही तेच.

रवि. १५ जुलै. आषाढी पौर्णिमा
खालच्या मजल्यावरच्या बरुआ दिदींनी त्यांच्या विहारात नेलं. दिदी गोदीच्या दवाखान्यात नर्स. मूळच्या चितगावच्या, पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध. मायालाही घेतलं. वंदना तीच, पाली तीच, फक्त चाल निराळी. डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या बाईने पदर नीट करून दिला.
नंतर दिदींच्या आईने खीर दिली आणि विचारलं, तुम्ही कधीपासून? म्हटलं, छप्पन सालापासून. त्या हसल्या. "ताहोले नतून." म्हणजे नवीन. मग, "आगे की छिले?"
आधी काय होता. इथेही तेच.
मी सांगितलं. अस्पृश्य होतो. त्यांना नीट कळलं नसावं. खीर आणखी वाढली.
येताना ट्राममध्ये माया म्हणाली, वंदना छान आहे पण तिला चालच नाही. एकाच जागी फिरते.

बुध. १८ जुलै
छप्पन सालचं आठवत राहिलं. मी तेरा वर्षांची. बाबांनी घरातले देव फडक्यात बांधून नदीवर नेले. आई मागे मागे. येताना एकदा वळून बघितलं आणि रडली. गावी असताना हीच आई देवळाबाहेर उन्हात उभी राहून नवस बोलायची, आत कधी गेली नाही. ती रडली ते देवांसाठी की त्या उन्हासाठी, मी विचारलं नाही. आता ती नाही.
गप्प राहून मायाला गाऊ दिलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. एवढंच सोपं असतं तर बाबांनी तरी कशाला…

मंगळ. २४ जुलै
आज मायाला सोडायला मीच गेले. तिला बाहेर खेळायला पाठवून वहिनींना सांगितलं. शब्द पाठ करून गेले होते तरी अडखळले. "आम्ही बौद्ध आहोत. नागपूरची दीक्षा. माया आरती नाही म्हणणार. दुसरं काहीही सांगा, म्हणेल."
वहिनी पेटीचा भाता धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, मग त्यात काय? बुद्ध आपलाच. नववा अवतार."
म्हटलं, "नाही. तसं आम्ही मानत नाही."
हे त्यांना पहिल्या वाक्याहून जास्त लागलं. मला दिसलं ते. भाता हळूच मिटवला. "बरं. मी बघते," एवढंच.
चहा झाला नाही. दर वेळी होतो.

बुध. २५ जुलै
हे ऑफिसातून आले ते बूट न काढताच बसले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं होतं. म्हणाले, "वानखेडे, मला तुमचं पहिल्यापासून माहीत आहे. पण मी कुणालाही बोललो नाही. घरीसुद्धा नाही. तुमची अडचण व्हायला नको म्हणून."
मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"
"थँक यू म्हणालो."
एक बूट वाकून काढला. मग हे म्हणाले, "अडचण म्हणे. जसं काही मी पैसे खाल्ले होते आणि त्यांनी झाकलं."
पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलले. तरी पुढे, "पण तू थांबायला हवं होतंस सुशीला. दिवाळीनंतर बढतीची नावं जायची आहेत."

शनि. २८ जुलै
मायाला सांगितलं. ती जेवली नाही.
"आई, तू देवाला घाबरतेस का?"
"नाही."
"मग एक आरती म्हटली तर काय होईल?"
गावची विहीर, देऊळ, आजोबांनी नदीवर नेलेले देव, सगळं सांगितलं. ऐकलं तिने. शेवटी म्हणाली, "पण वहिनी तशा नाहीत."
कशा आहेत, मलाही अजून माहीत नाही.

मंगळ. ७ ऑगस्ट
दोन मंगळवार निरोप: वहिनींना बरं नाही. बाजारात दिसल्या. पडवळ निवडत होत्या. मी हाक मारली नाही. त्यांनीही.

मंगळ. २१ ऑगस्ट
वहिनींची चिठ्ठी. कार्यक्रम सुरू होताना मायाने देशभक्तीचं गीत म्हणावं. आरती दुसरी मुलगी म्हणेल. खाली सही, बाकी काही नाही. माया म्हणते, हो. माझ्याकडे न बघता.

गुरु. ३० ऑगस्ट
मंडळाच्या हॉलवर मोदकांसाठी गेले होते. दर वर्षी जाते. स्वयंपाक म्हणजे पूजा नव्हे, असं मी मनाशी ठरवलेलं आहे. ते बरोबर की चूक कोण जाणे, पण वर्षातून एकदा बायकांत बसून मराठीत हसायला मिळतं. गेल्या वर्षी माझ्या पाऱ्यांचं कौतुक झालं होतं.
आज मी हात धुऊन बसले. उकड पुढ्यात घेणार तोच एका बाईंनी परात उचलून पलीकडे नेली. "तुम्ही बसा हो, दमून आलात." दमून आले नव्हते. शेजाऱ्यांच्या गाडीतून आले होते.
कुणी वावगं बोललं नाही. गप्पा चालूच. वहिनी समोर नारळ खवत होत्या. त्यांनी पाहिलं. खवणीवरचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.
मी बसले थोडा वेळ. रिकाम्या हाताने बसणं फार कठीण. मग सासूबाईंचं पत्र यायचंय असं काहीतरी सांगून उठले.
ह्यांना सांगितलेलं नाही.

रवि. २ सप्टेंबर
हे म्हणाले, जाऊ नकोस. मी म्हटलं, मायाचं गाणं आहे, आणि मंडळ मराठी माणसांचं आहे, आपण मराठी आहोत. गेलो तिघंही.
गाणं फार चांगलं झालं. वरचा सूर लागला तेव्हा गोडबोले साहेबसुद्धा मान हलवत होते. वहिनी पेटीवर. मायाकडेच बघत होत्या सगळा वेळ.
मग आरतीला उभे राहिले सगळे. हे सवयीने टाळ्या वाजवायला लागले, माझ्याकडे बघून थांबले. मला शब्द न् शब्द येतो, शाळेत पाठ झालेला. तोंड मिटून उभी राहिले. ज्या मुलीला आरती दिली होती ती दुसऱ्याच कडव्यात चुकली, सगळ्यांनी सावरून घेतलं.
माया दिसेना. बाहेर व्हरांड्यात चपलांच्या ढिगाजवळ बसली होती.
"इथे का? मी तुला बाहेर जायला नव्हतं सांगितलं."
"आत राहिले असते तर म्हटली असती मी." मग, "मला म्हणायची होती आई."
जवळ घेतलं. अंग आखडून बसून राहिली. मी जिंकले की काय ते मला कळत नाही. जिंकल्यासारखं काही वाटत नाही.

शनि. ८ सप्टेंबर
दुपारी दारात वहिनी. एकट्या. चार वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे. खुर्ची पुसून दिली. घर बघत होत्या. भिंतीवरचा बुद्ध, खाली उदबत्ती. चहा ठेवू का, विचारताना माझा आवाज बदलला असावा. "ठेवा ना," म्हणाल्या. प्यायल्या. सगळा.
मग म्हणाल्या, "प्रसाद आणणार होते. तुम्हाला चालेल का ते कळेना, म्हणून नाही आणला."
म्हटलं, "विचारलंत, बरं केलंत."
"परातीचं मी पाहिलं होतं."
मी रिकामा कप बाजूला ठेवला. बाहेर जहाजाचा भोंगा झाला. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांचा राग आला. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी मायाला शिकवायला घेतलं असतं का? खरं सांगते, माहीत नाही."
इतकं सरळ माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. राग यायला हवा होता. आलाही. पण उठून जा असं म्हणावंसं वाटलं नाही.
जाताना: "तिचा यमन अर्धा राहिलाय. मंगळवारी पाठवा. पण एक सांगते, माझी पेटी देवासमोर असते. मी देव हलवणार नाही. गाणं शिकवायच्या आधी मी हात जोडते. तिने नाही जोडले तर चालेल. म्हणजे, चालवून घेईन. सवय करावी लागेल मला."
"विचार करून सांगते," म्हटलं.
"करा. मीपण करतेय."

रवि. ९ सप्टें.
बरुआ दिदी म्हणतात, पाठव, गळा आहे पोरीचा. त्यांच्याकडे लक्ष्मीपूजाही होते, त्यांना ह्यात अडचणच दिसत नाही. हे म्हणतात, तू ठरव. बढतीचं बोलले नाहीत, पण डोक्यात आहेच.
सूर शिकायला देवासमोर बसणं म्हणजे पूजा का? आणि "चालवून घेईन" हे ऐकून घ्यायचं का? बाबा असते तर नाही म्हणाले असते. आई काय म्हणाली असती, सांगता येत नाही.

मंगळ. ११ सप्टें.
माया शाळेतून आली. काही विचारलं नाही. स्वतःच वेणी घातली, वाकडी. वही घेतली.
मी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. ती उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा लावते आहे, हळूहळू, मला वेळ देत.