परवा आम्ही नाही

सोमवार, दिवेलागणीनंतर

दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. पवना धरणाकाठी पर्यटकांसाठी आमचे सहा तंबू. लग्नाला बारा वर्षं झाली, पण दर शनिवार-रविवार पाहुण्यांच्या चहा-नाश्त्यातच गेला. समुद्र अजून पाहिलेला नाही. यंदा हट्टच धरला. परवा बुधवारी निघायचं, शुक्रवारी परत, तेव्हा तंबू रिकामेच असतात. ह्यांनी शेवटी मान डोलावली, बाजारातून गुपचूप हाफ पँटही आणली.

म्हणून दिवेआगरला घरगुती खोल्या देणाऱ्या एका ताईंना फोन लावला. त्या हसल्या. "अहो, बुधवारी आम्हीच बाहेर पडतोय. तिकडे पवनेला तंबू असतात म्हणे. बघितलेत का तुम्ही?"

"आमचेच आहेत, या की!" तोंडातून निघून गेलं. दोन तंबू, चौघांचं जेवण, सगळं ठरवून मोकळी झाले. फोन ठेवला, तर हे दारात.

"म्हंजे आपुन न्हाई जायाचं?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. हाफ पँट अजून पिशवीतच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला कुणाला नाही म्हणताच येत नाही का?

मघाशी पुन्हा फोन केला. "ताई, पुढच्या बुधवारी या. परवा आम्ही नाही." त्यांना वाईट वाटलं असेल. वाटू दे. खोली अजून कुठेच मिळालेली नाही, तरी आत जाऊन ह्यांना सांगितलं, बॅग भरायला घ्या.