ठकूची चोवीस तारीख

२ मार्च

तारीख मिळाली! चोवीस. ठकू दहा महिन्यांची, आणि तिच्या डोळ्यांना कात्री लावणार. मुलगा म्हणतो, "नाना, बुबुळाला कुणी हात लावत नाही. बाहेरचा स्नायू जरासा सरकवतात." सरकवतात म्हणे! कपाट आहे का ते?

तिचा डावा डोळा नाकाकडे पळतो, हे खरं. पण म्हणून एवढ्याशा जिवाला भूल? डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, आत्ताच सरळ केले तर दोन्ही डोळे जोडीनं बघायला शिकतील. उशीर केला तर दिसायला सरळ होतील, पण ती जोडी बहुतेक जमायची नाही. सूनबाईनं सगळं वहीत लिहून आणलंय. मी पाचवी शिकलेला. मला एवढंच कळतं, भूल दिलेलं माणूस कधीकधी उठत नाही.

४ मार्च

जेवलो नाही. ही म्हणाली, "ऑपरेशन नातीचं आणि उपाशी तुम्ही?"

५ मार्च

रोज दोन तास ठकूच्या उजव्या डोळ्यावर, म्हणजे चांगल्यावर, पट्टी चिकटवायची. मग डाव्याला काम करावंच लागतं. हे खातं माझ्याकडे, कारण घरात रिकामा मीच. पट्टी लावली की रडते, ओरबाडते. मी तिचे हात धरून बसतो. ती त्या एका डोळ्यानं माझ्याकडे अशी बघते, जणू मीच चोर!

७ मार्च

आज बोललोच. जेवताना. म्हटलं, "माझाही डावा डोळा असाच होता. आई सांगायची. सातव्या वर्षी आपोआप सरळ आला. बघा सगळे, दिसतोय का तिरळा?"

मुलगा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. सूनबाई म्हणाली, "नाना, हा आपोआप जाणारा नाही. दोनदा तपासलंय."

"म्हणजे मी खोटा? माझी आई खोटी?"

ही मध्येच — "तुमची आई तुम्हाला देखणाही म्हणायची."

९ मार्च

जिंकलो. मुलगा म्हणाला, "नाना एवढं म्हणतायत, तर होऊ दे पाच वर्षांची. मग बघू." सूनबाईनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फोन घेऊन बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं. पाच मिनिटांनी आत आली. "झालं," म्हणाली. एवढंच. माझ्यापुढे चहाचा कप ठेवला, तो जरा आपटूनच.

१० मार्च

आठ दिवसांनी झोप लागली.

१२ मार्च

सूनबाई बोलत नाही. बोलली ते एवढंच — "पट्टी थांबवायची नाही, नाना." मला खोकला आला तर ठकूला माझ्या मांडीवरून उचलून आतल्या खोलीत नेलं. पोरीला जरा सर्दी झाली तर काय आभाळ कोसळणार आहे?

१५ मार्च

सकाळी पट्टी लावली तशी ठकूनं घर डोक्यावर घेतलं. तिला हसवायला म्हणून एक पट्टी माझ्याही डोळ्यावर चिकटवली. तिच्यासारखीच, उजव्यावर. "बघ, आजोबा पण ठकू!" ती थांबली. हसलीही असेल. मला दिसलं नाही! तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळट गोळा. नाक नाही, डोळे नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात काटेच नाहीत. पट्टी ओढून काढली — सगळं जागच्या जागी. परत लावली. परत गोळा.

तीनदा केलं. कुणाला सांगितलं नाही.

१६ मार्च

मोतीबिंदू असेल. या वयात होतोच. एकाच डोळ्याला आधी होतो, असंही ऐकलंय.

१८ मार्च

बागेत जातो सांगून डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. ठकूच्या नाही, दुसऱ्याच. घरातून निघताना सूनबाईही ठकूला घेऊन निघाली होती. "लस द्यायचीय," म्हणाली. लसीला एवढी जाडजूड फाईल कशाला, कुणास ठाऊक.

डॉक्टर तरुण. बराच वेळ उजेड पाडून बघत होता. म्हणाला, "आजोबा, वयाच्या मानानं दोन्ही डोळे छान आहेत. मोतीबिंदू नाही."

"मग दिसत का नाही?"

"लहानपणी हा तिरळा होता का?"

मी म्हटलं, होता, पण आपोआप सरळ झाला.

"दिसायला सरळ झाला," तो म्हणाला. "तोवर मेंदूनं त्याचं ऐकणं सोडून दिलं होतं. हा डोळा नीट बघायला शिकलाच नाही. एवढी वर्षं तुम्ही एका डोळ्यावर काढलीत. अंतराचा अंदाज दोन डोळ्यांच्या जोडीनं येतो, तो तुम्हाला नीट आलाच नसेल."

एकाहत्तर वर्षं! चष्मा नेहमी बाजारातला तयार. डोळे तपासले कुणी होते? विचारलं, आता काही? त्यानं मान हलवली. म्हणाला, "त्याची वेळ लहानपणी असते."

१९ मार्च

दिवसभर कारखाना आठवतोय. सतराव्या वर्षी सुतारकामाला लागलो. फळीची धार सरळ आहे का, हे बघताना प्रत्येक सुतार एक डोळा मिटतो. मी नेहमी डावाच मिटला. एकदा तरी उलटं करून बघायचं! नाही सुचलं.

खिळा ठोकायला गेलो की हातोडी अंगठ्यावर. लाकूड कोरायची पटाशी खाचेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणायचे, "याचं लक्ष सासुरवाडीला!" लग्न झालं नव्हतं तरी. दोन वर्षांनी त्यांनी माझ्या हातातली पटाशी काढून घेतली आणि पॉलिशला बसवलं. तिथं अंतराचा अंदाज घ्यावा लागत नाही ना, हात फिरवला की झालं. बेचाळीस वर्षं दुसऱ्यांनी जोडलेल्या टेबलांना पॉलिशपेपर घासला. वेंधळा म्हणाले, मीही मानलं. आजही पाणी ओतताना भांडं चुकतं. ही म्हणते, "तहान फरशीला लागलीय वाटतं."

वेंधळा नव्हतो मी.

आणि त्याच डोळ्याची साक्ष काढून मी पोरीची तारीख रद्द करायला लावली!

२० मार्च

सांगायचं ठरवलं. नाही सांगितलं.

२१ मार्च

आजही नाही. मुलगा समोर बसून वर्तमानपत्र वाचत होता. तोंड उघडलं आणि विचारलं, "पाऊस पडेल का?" तो म्हणाला, "मार्चात?"

ठकू खुळखुळ्याकडे हात नेते, तो खुळखुळ्याच्या शेजारी पडतो. इतके दिवस हसायचो. आज हसलो नाही. ती दुसऱ्यांदा नेते, तिसऱ्यांदा नेते. हट्टी आहे.

२२ मार्च

दवाखान्यात गेलो. ठकूच्याच. म्हटलं हातापाया पडून दुसरी तारीख आणायची, मग घरी तोंड उघडायचं. रांगेत पाऊण तास. खिडकीवरच्या बाईंना नाव सांगितलं, म्हटलं, "चोवीसची रद्द केलेली. चूक माझी आहे, पोरीची नाही. जवळची कुठली तरी द्या."

त्यांनी बोट फिरवत यादी बघितली. "रद्द? नाही हो. नाव आहे की! सोमवारी सकाळी सात. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मंगळवारी बाळाला तपासलंय. आईला सगळं सांगितलंय — सर्दी होऊ द्यायची नाही, आणि दूध किती वाजेपर्यंत पाजायचं तेही. तुम्ही कोण?"

"आजोबा," म्हटलं. आणि बाकावर जाऊन बसलो.

मंगळवार म्हणजे अठरा. लस!

२३ मार्च

संध्याकाळी मुलाला जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं. पट्टी, डॉक्टर, मिस्त्री, खिडकीवरची बाई. तो कठडा धरून उभा. म्हणाला, "मी फक्त तुमच्या शब्दावर हो म्हटलं, नाना." मी म्हटलं, "माहीत आहे." मग तो — "आणि ती एकटीच निघणार होती?"

भीती गेलेली नाही. भूल ती भूलच. पण आता भीतीच्या दोन पारड्यांत काय काय आहे, ते मला माझ्याच डोळ्यानं दिसलंय.

सूनबाईला आत्ताच सांगूया, म्हटलं. तो म्हणाला, "कोणत्या तोंडानं?" तेही खरंच.

२४ मार्च

बाकावर बसून लिहितोय. ठकू आत आहे.

पहाटे साडेपाचला सूनबाई हळूच बाहेर आली. खांद्यावर झोपलेली ठकू, दुसऱ्या हातात चपला. मागून ही, ठकूची टोपी घेऊन — म्हणजे हिलाही ठाऊक होतं! दाराशी मुलगा आणि मी बूट घालून बसलेलो. सूनबाई जागच्या जागी थिजली.

मी विचारलं, "फाईल घेतलीस का गं?"