शिरपूरच्या रोल्सची बॉडी

धुळे, ता. ९ डिसेंबर १९३६

तीर्थरूप भाईदासनाना यांना पुतण्या लीलाधरचा साष्टांग नमस्कार. थंडी पडली आहे, तेव्हा आपला गुडघा पुन्हा बोलू लागला असेल. काकूंनी शेकायला विटा तापवल्या असतील आणि आपण नको म्हटलं असेल. आम्ही इकडे सर्व खुशाल. माझी कंबर तेवढी सरळ होत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

आपल्या लतासाठी शिरपूरचं स्थळ आलं आणि मुलाचे वडील कौतिकशेट यांनी निरोपात तीनदा रोल्स गाडीचा उल्लेख केला, तेव्हाच आपल्याला संशय आला, तो रास्तच होता. (मला तर दुसऱ्या उल्लेखालाच आला होता.) आपल्या सांगण्याप्रमाणे कापूस बघण्याच्या निमित्ताने मी शिरपूरला गेलो. गाडी त्यांच्या कापसाच्या जिनाच्या पत्र्याखाली उभी होती. पुढची जाळी आणि इंजिन रोल्सचंच, त्यात खोट दिसली नाही. पण नाना, ते रोल्सवाले म्हणे इंजिन आणि खालचा सांगाडाच विकतात. वरची बॉडी ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घ्यायची असते. तेव्हा खरी मेख बॉडीत. कौतिकशेट म्हणाले, ही एका संस्थानिकाने खास विलायतेत बांधवून घेतली. मी विचारलं, छत एवढं उंच का? म्हणाले, राजांच्या फेट्याचा तुरा. मुनीमजींना एकट्याला गाठून तेच विचारलं, तर म्हणाले, राणीसाहेबांना कोंदट सोसत नसे. मुलाला, म्हणजे वनाला विचारलं, तर तो फडकं घेऊन दार पुसू लागला. मला सर्वांत जास्त संशय त्या पुसण्याचाच आला.

शिवाय दाराच्या चौकटीला नाक लावलं तर सागाचा वास. (विलायतेत साग होतो का, हे मला ठाऊक नाही, पण सातपुड्यात होतो हे ठाऊक आहे.) मागच्या सीटच्या पाठीमागे एक भलीमोठी लाकडी पेटी होती. ती म्हणे राजाच्या शिकारी कुत्र्यांसाठी. दुपारी जेवून सगळे आडवे झाले तेव्हा मी परत गेलो. कुत्रं बसलं असेल तर नख्यांचे ओरखडे हवेत, निदान एखादा केस हवा. नीट दिसावं म्हणून मी पेटीत शिरलो. ओरखडा नाही, केस नाही, नुसता रोगणाचा वास. एवढा शोध लागला आणि झाकण आपोआप मिटून बाहेरून कडी बसली.

हाक मारणार तोच गाडीचं दार उघडलं. घरातल्या म्हाताऱ्या झुंबरबाई, म्हणजे वनाची आजी, थाळनेरला लेकीकडे निघाल्या होत्या आणि वना गाडी चालवणार होता. वराच्या आजीसमोर कुत्र्याच्या पेटीतून बाहेर यायचं कसं, याचा मी विचार करत असतानाच गाडी सुटली. (रस्ता आपण पाहिला आहे. माझी कंबर तिथेच गेली.)

थोड्या वेळाने आजी म्हणाल्या, "वना, हाई बठ्ठी बॉडी तूच करेल शे. मंग पोरीना बापले सांगत का नही?" (म्हणजे सगळी बॉडी वनानेच बांधलेली!)

वना म्हणाला, "आबांनी विलायतेची सांगून ठेवली आहे, आजी. मुलगा सुतारकी करतो म्हणायला त्यांना लाज वाटते. चारचौघांत मी त्यांना खोटं पाडणार नाही. पण होकार येण्याआधी मुलीला मात्र खरं सांगेन. तिने नाही म्हटलं तरी चालेल."

नाना, ते ऐकून मला पेटीत जरा ओशाळल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी रोगणामुळे शिंक आली.

"मांगे कोन शे?" आजींनी विचारलं. गाडी थांबली. वनाने झाकण उघडलं. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याने मला हात देऊन बाहेर काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आत श्वास कोंडला का?" मी हो म्हटलं. तो पेटीचे कोपरे चाचपत म्हणाला, "भोकं पाडायला हवीत." मग त्याने सगळं सांगितलं. गाडी संस्थानातून आली तेव्हा जुनी बॉडी वाळवीने पोखरलेली होती. पुण्याहून शिकून आलेल्या या पोराने दोन पावसाळे खपून नवी बांधली. पेटी आजीच्या ट्रंकेसाठी. छत उंच आहे, कारण आजींना वाकून आत शिरता येत नाही.

थाळनेरला लेकीला भेटून परत येताना आजींनी मला शेजारी बसवून घेतलं आणि बॉडी कुठेही करकरली नाही. माझं मत विचाराल तर स्थळ सोडू नये. बाप बढाईखोर आहे, पण मुलगा आपल्या लताला जपेल. काकूंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
लीलाधर

ता. क. हे सगळं कौतिकशेटांना कळल्याचं दाखवू नये.

ता. क. दुसरा. पत्र घाईने लिहिण्याचं कारण असं की झुंबरआजींनाही संशय आला आहे. आपण त्यांना पाठवलेल्या फोटोत लता सतार घेऊन बसली आहे. आपल्या घरात सतार पाहिल्याचं मला स्मरत नाही. आजी ती ऐकायला रविवारी जळगावला आपल्याकडे येत आहेत. सतार कुणाची ते उलट टपाली कळवावं.

ता. क. तिसरा. मी त्यांना लताचं बोट विळीवर कापल्याचं सांगून ठेवलं आहे. उजव्या हाताचं. पट्टी जाडच बांधावी. म्हातारी सोडून बघेल.