थोरल्याचं नाव

चंदगड, मंगळवार

प्रिय अक्का,

तुझ्या पाया पडतो. आण्णांचा राग उतरला असला तर त्यांच्याही.

मी बरा आहे. जंगलाकडेला वाटाड्या जोतीराममामांच्या घरी राहतोय. पोटभर जेवतो की. हितं रेंज नाही, म्हणून पत्र.

वाघोबाच्या जुन्या दगडाचे फोटो झकास आलेत. ज्याच्या फोटोसाठी आलो तो खरा अजून दिसला नाही. परवा ओल्या मातीत ताजा पंजा बघून मी ओरडलो, "वाघ!" मामा भडकले. "पावणं, हितं त्याचं नाव घेत न्हाईत. थोरला म्हणायचं. नाव घेतलं की वाट बदलतो त्यो." माझंही डोकं फिरलं होतं, पण राग गिळला. वाघोबापुढं नारळ फोडला, माफी मागितली. हस तू!

तेव्हापासून तासन्‌तास गप्प बसतो. कॉलेजात कधी जमलं नाही ते.

आईचा गुडघा कसा आहे?

निघताना कानावर आलेलं, समोरच्या घरी पोरगी बघायला पावणं येणार म्हणून. आले का? ठरलं का? मी परत येईपर्यंत थांबते म्हणालेली ती मला. तिचं नाव लिहीत नाही. तूही लिहू नकोस. 'अजून हितंच हाय,' एवढंच कळव.

तुझा,
अमर