आईचे हात चालतील

कुंडल, ८ जुलै १९९४

चि. नीलिमा हिस,
ताईचा जय भीम आणि आशीर्वाद.

हे पत्र रागातच लिहिते आहे. काल राजूला घेऊन तुझ्या दवाखान्यात यायला निघाले, ती पलूसहूनच परतले. एसटीत त्याचे पाय ताठ झाले आणि शेजारच्या बाईला लागले. ती म्हणाली, असलं पोरगं घरात ठेवावं. कंडक्टरने मलाच मागे जायला सांगितलं. मी उतरले.

घरी आले तर शेजारच्या मनुबाई म्हणतात, मागच्या जन्माचं हाय. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच मागचे जन्म सोडले आम्ही, असं सुनावलं.

तुझे मोठे डॉक्टर म्हणतात, दर आठवड्याला आणा. कुणी आणायचं? यांची कुपवाडच्या कारखान्यातली पाळी सुटत नाही. तू पोरांचे व्यायाम घेतेस ना, मग लिहून पाठव. फोटो जोडलाय.

तुझी, ताई

सांगली, १४ जुलै १९९४

ती. ताईस,
नीलूचा सविनय जय भीम.

पत्र वाचून मीही तापले. पत्रातून व्यायाम सांगू का, असं डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, हात लावल्याशिवाय हे उपचार होत नाहीत. मी म्हटलं, "आईचे हात चालतील." ते पुढच्या पेशंटकडे वळले. मी ती परवानगी समजते.

फोटोत राजू पाय मागे मुडपून बसलाय, तसं बसू देऊ नकोस. वाकळेची घट्ट गुंडाळी करून घोड्यासारखं बसव, तळवे जमिनीवर. तू मागून कंबर धर. ताठ पाय झटक्याने ओढायचा नाही. गुडघा वाकवून पाऊल हळूहळू वर ने. रडला तर थांब. पुढच्या महिन्यात येऊन बघतेच, तोवर कळवत राहा. भाओजींना सांग, व्यायामाच्या वेळी रेडिओ राजूचा, बातम्या नंतर.

राग सोडू नकोस, कामाचा आहे.

नीलू

कुंडल, २ डिसेंबर १९९४

चि. नीलूस आशीर्वाद.

तू येऊन बदलून दिलेले व्यायाम चालू आहेत. राजू आता आधाराशिवाय बसतो, म्हणून आज अंगणवाडीत नेला. बाई म्हणाल्या, चालायला लागल्यावर आणा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हितली पोरं बसूनच शिकत्यात न्हवं?" आणि त्याला पोरांच्या मधोमध बसवलं. एक आई आपली पोरगी उचलायला आली. तिला सांगितलं, हे लागत नसतं.

बाईंनी उद्या आणू नका म्हणून बजावलं. मी आणणार आहे.

तेवढ्यात राजूने शेजारच्या पोरीची पाटी ओढली, ती रडली, आणि बाई त्याच्यावर खेकसल्या. नीलू, माझ्या लेकराला आज पहिल्यांदा कुणीतरी बाकीच्या पोरांसारखं रागावलं.

तुझी, ताई